सहा शनिवार, एक राजा आणि त्याची खतावणी : दादरच्या एका अभ्यासवर्गाविषयी

गेल्या डिसेंबर-जानेवारीत दादर पश्चिमेच्या एका शाळेत, दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात, इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्यावर मराठीतून सहा व्याख्यानांचा अभ्यासवर्ग झाला. शुल्क १,८०० रुपये होते आणि त्यात टिपणांची पुस्तिका व चहा धरलेला होता. मी बँकेतून निवृत्त झालो असून नोकरीची शेवटची अकरा वर्षे अंतर्गत लेखापरीक्षणात काढली आहेत. त्यामुळे माहितीपत्रकातल्या ‘स्वतः हिशेब तपासणारा राजा’ एवढ्या चार शब्दांवर मी नाव नोंदवले. वर्ग संपून आता महिना झाला, वही पुन्हा एकदा वाचून झाली, आणि पुढच्या तुकडीत जावे की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. पहिली चार व्याख्याने इतकी चांगली होती, की त्यांच्यासाठी मी बोरिवलीहून पुन्हा येईन. या राजाची मुत्सद्देगिरी आणि त्याचा पैसा ही दोन प्रकरणे नव्हती, दोन्ही एकाच वहीत लिहिली जात होती, हे त्या चार संध्याकाळी फार स्पष्ट दिसले. शेवटच्या दोन व्याख्यानांत मात्र त्या वहीची जमेची बाजू जितक्या बारकाईने वाचली गेली, तितकी नावेची बाजू वाचली गेली नाही. ही माझी मुख्य तक्रार आहे.

शिकवणाऱ्या बाई महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी सुरुवात लढाईपासून न करता हेन्रीच्या दाव्यापासून केली, आणि ते योग्यच होते. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत यॉर्क घराण्याचा राजा तिसरा रिचर्ड मारला गेला आणि अठ्ठावीस वर्षांचा हेन्री ट्यूडर राजा झाला. पण त्यातली चौदा वर्षे त्याने ब्रिटनी आणि फ्रान्समध्ये परागंदा अवस्थेत काढली होती, इंग्लंडमध्ये त्याला ओळखणारे थोडे होते, आणि वंशाचा जो काही हक्क होता तो आई मार्गारेट बोफोर्ट हिच्याकडून आलेला होता. ते बोफोर्ट घराणे मुळात औरस नव्हते. पुढे त्याला औरसपणा बहाल झाला, पण चौथ्या हेन्रीने १४०७ मध्ये त्यांना गादीच्या वारशातून वगळले होते. इतक्या कच्च्या कागदावर उभ्या असलेल्या माणसाने पहिल्या काही महिन्यांत जे केले, ते बाईंनी तारखा फळ्यावर मांडून दाखवले. आपली कारकीर्द त्याने लढाईच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे २१ ऑगस्टपासून मोजली, त्यामुळे रिचर्डच्या बाजूने लढलेले सगळे कायद्याने राजद्रोही ठरले आणि त्यांच्या जमिनी जप्त करता आल्या. ३० ऑक्टोबरला राज्याभिषेक, ७ नोव्हेंबरला पार्लमेंट, आणि मग १८ जानेवारी १४८६ रोजी यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशी विवाह. राज्य बायकोच्या हक्काने मिळाले असे कोणाला म्हणता येऊ नये, म्हणून हा क्रम. पार्लमेंटनेही राजमुकुट हेन्रीकडे आहे एवढेच जाहीर केले, का आहे याचे कारण दिले नाही. मार्च १४८६ मध्ये आठव्या इनोसंट या पोपने त्याचा हक्क मान्य केला आणि बंडखोरांना बहिष्काराची धमकी दिली. त्या फर्मानाचा इंग्रजी तर्जुमा छापून वाटण्यात आला. दस्तऐवज आधी तयार ठेवायचा आणि वाद नंतर होऊ द्यायचा, ही सवय मला ओळखीची वाटली.

दुसरे व्याख्यान सोयरिकींचे होते. स्पेनच्या फर्डिनांड आणि इझाबेला यांच्याशी २७ मार्च १४८९ रोजी मेदिना देल काम्पो येथे झालेला तह, त्यात ठरलेला युवराज आर्थर आणि कॅथरीन यांचा विवाह, २,००,००० क्राउनचा हुंडा, १५०१ मधले लग्न आणि १५०२ च्या एप्रिलमध्ये आर्थरचा मृत्यू हे सगळे बाईंनी नीट सांगितले. हुंड्याचा निम्मा हप्ता आला होता, उरलेल्या निम्म्यावरून दोन्ही राजे वर्षानुवर्षे वाद घालत बसले, आणि मधल्या काळात ती तरुण विधवा परक्या देशात पैशांच्या ओढाताणीत राहिली. हे ऐकताना वर्गात कोणी हलले नाही. येथे बाईंनी मुंबईचा उल्लेख केला. हेन्रीने १५०३ मध्ये आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला दिली. तिच्याच वंशातला दुसरा चार्ल्स १६६१ मध्ये पोर्तुगालच्या कॅथरीनशी विवाह ठरवताना आपले हे बेट आंदण म्हणून घेऊन बसला आणि १६६८ मध्ये ते वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन मोकळा झाला. बाई यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबल्या नाहीत. पण ज्या गावात आपण राहतो ते गावही कोणाच्या तरी हुंड्याच्या यादीत होते, हे आठवले की असल्या तहांची कलमे वेगळ्या नजरेने वाचली जातात.

या वर्गातले सर्वोत्तम व्याख्यान तिसरे. विषय तोतयांचा होता, आणि पानिपतानंतरच्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मराठी श्रोत्यांना त्याची गंभीरता वेगळी समजावून सांगावी लागली नाही. यॉर्क घराण्याचा वारस म्हणून पुढे केलेल्या लॅम्बर्ट सिमनेल या मुलाला मे १४८७ मध्ये डब्लिनला राजा म्हणून अभिषेक झाला, १६ जूनला स्टोकच्या लढाईत त्याच्या बाजूचे सैन्य मोडले, आणि हेन्रीने मुलाला न मारता आपल्या मुदपाकखान्यात कामाला लावले. दुसरा तोतया पर्किन वॉरबेक हा जास्त धोक्याचा होता, कारण त्याच्यामागे परदेशी दरबार उभे राहिले. तो आधी फ्रान्सच्या आश्रयाला गेला. हेन्रीने १४९२ च्या ऑक्टोबरमध्ये समुद्र ओलांडून बुलोन्यला वेढा घातला. फ्रान्सच्या आठव्या शार्लचे लक्ष इटलीकडे लागलेले असल्याने त्याला हे युद्ध नकोच होते, आणि ३ नोव्हेंबरला एताप्लचा तह झाला. एकमेकांच्या बंडखोरांना थारा द्यायचा नाही असे ठरले, आणि वर्षाला ५०,००० प्रमाणे एकूण ७,४५,००० सुवर्ण क्राउन फ्रान्सने द्यायचे कबूल केले. लढाईसाठी प्रजेकडून कर घेतला होता. तह करण्यासाठी शत्रूकडून पैसे घेतले.

वॉरबेक मग बर्गंडीच्या मार्गारेटकडे गेला. ती यॉर्क घराण्याच्या चौथ्या एडवर्ड राजाची बहीण. तिने त्याला आपला हरवलेला भाचा म्हणून जवळ केले. आता फौज पाठवून काही होणार नव्हते. तेव्हा हेन्रीने १४९३ मध्ये बर्गंडीच्या घराण्याच्या सत्तेखालच्या फ्लँडर्सशी (आजच्या बेल्जियमचा भाग) असलेला व्यापारच बंद केला आणि इंग्लिश कापडाची पेठ अँटवर्पहून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पण इंग्लंडच्या ताब्यातल्या कॅलेला हलवली. याचा अर्थ काय होतो हे बाईंनी कापडाच्या ताग्याच्या प्रवासातून समजावले. इंग्लंडच्या खेड्यांत विणलेले कापड लंडनला येई, तेथून अँटवर्पला जाई, आणि रंगाई व शेवटचा हात तिकडच्या कारागिरांकडून फिरे. म्हणजे बंदी घातली की इकडचा विणकर आणि तिकडचा रंगारी एकाच दिवशी रिकामा बसतो. आमच्यात लालबागचे एक गृहस्थ होते, त्यांचे वडील गिरणीत सांचेखात्यात होते. ते एवढेच म्हणाले, “बाई, माल उठला नाही की पहिल्यांदा खालच्या माणसाची हजेरी बंद होते.” बाईंनी लगेच त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधला लंडनचा दंगा सांगितला, ज्यात चिडलेल्या लोकांनी हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या वखारीवर हल्ला केला होता, कारण बंदीत आपला धंदा बुडाला आणि या परदेशी व्यापाऱ्यांचा चालू आहे असे त्यांना वाटले. एका तोतयासाठी राजाने स्वतःचे जकातीचे उत्पन्न आणि राजधानीतल्या लोकांची भाकरी पणाला लावली. फेब्रुवारी १४९६ मध्ये जो मोठा व्यापारी करार झाला, त्यात फ्लँडर्सच्या शासकांनी बंडखोरांना आश्रय न देण्याचे मान्य केले आणि मार्गारेटने तो मोडला तर तिच्या वाट्याच्या जमिनी जाण्याचे कलम त्यात घातले गेले. व्यापाराच्या करारात गादीच्या सुरक्षिततेचे कलम! हे मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे.

वॉरबेक १४९७ मध्ये पकडला गेला आणि नोव्हेंबर १४९९ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच आठवड्यात वॉरिकच्या अर्लचाही शिरच्छेद झाला. यॉर्क घराण्याचा तो खरा वारस वयाच्या दहाव्या वर्षापासून तुरुंगात होता. हे बाईंनी सांगितले, पण जरा घाईने.

चौथे व्याख्यान खजिन्याचे. सरकारी तिजोरीचा जुना फड, ज्याला एक्सचेकर म्हणत, तो विश्वासू पण संथ होता. पैसा कोठे अडकला हे कळायला वर्षे जात. हेन्रीने काही काळाने जमीन महसुलापासून फ्रान्सच्या हप्त्यापर्यंत बहुतेक उत्पन्न आपल्या निवासातल्या खजिन्याकडे वळवले. यासाठी बाईंनी ‘खासगी’ हा शब्द वापरला, आणि होळकरांच्या ‘दौलत’ व ‘खासगी’ या दोन हिशेबांची आठवण ठेवली तर तो लगेच पटतो. आधी थॉमस लव्हेल आणि १४९२ पासून जॉन हेरॉन हे त्या खासगीचे खजिनदार. हेरॉनच्या हिशेबाच्या एका पानाची छायाप्रत आम्हा प्रत्येकाला मिळाली. रकमा रोमन आकड्यांत, पौंड, शिलिंग आणि पेनी अशा उतरत्या क्रमाने, आणि खाली एच आणि आर ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली राजाची सही. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. शेजारच्या बाकावर एक आजोबा होते, पंच्याऐंशीच्या घरातले. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया या हिशेबात त्यांचे शालेय शिक्षण झालेले. आम्ही कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत त्यांनी पानाची बेरीज तोंडी करून बाईंना सांगितली. मी आयुष्यात हजारो पानांवर तपासणीची खूण केली आहे. आपण केलेली खूण म्हणजे त्या पानाची जबाबदारी आपल्यावर, हे मला कोणी शिकवावे लागत नाही. राजाने ती जबाबदारी पानापानावर घेतली होती, हे मला त्या छायाप्रतीने जितके समजले तितके कोणत्याही वर्णनाने समजले नसते. त्याच खासगीच्या १४९७ च्या खर्चातली एक नोंद बाईंनी वाचून दाखवली: नवे बेट शोधणाऱ्याला १० पौंड. तो माणूस जॉन कॅबट, अटलांटिकच्या पलीकडून परत आलेला.

उत्पन्नाचे आकडे त्यांनी मोजकेच दिले. राजाच्या ताब्यात असलेल्या अल्पवयीन वारसांच्या इस्टेटींपासून १४८७ मध्ये सुमारे ३५० पौंड येत होते, १५०७ पर्यंत ते सुमारे ६,००० झाले. कारकिर्दीच्या शेवटी वार्षिक उत्पन्न एक लाख पौंडांच्या पुढे गेले होते. १४९७ मध्ये स्कॉटलंडच्या मोहिमेसाठी बसवलेल्या करामुळे कॉर्नवॉलचे लोक थेट लंडनच्या वेशीपर्यंत, ब्लॅकहीथपर्यंत चालून आले होते; नवा कर म्हणजे नवे बंड, हे त्याला तेथे कळले, आणि म्हणून तो जुन्याच हक्कांतून जास्त वसूल करू लागला. १५०५ मध्ये त्याने फ्लँडर्सचा शासक असलेल्या हॅब्सबर्ग आर्चड्यूक फिलिपला लाख पौंडांहून अधिक कर्ज दिले. पुढल्या जानेवारीत वादळाने फिलिपची गलबते इंग्लंडच्या किनाऱ्याला लावली, हेन्रीने त्याचे भरघोस आदरातिथ्य केले आणि पाहुणचार संपेपर्यंत यॉर्क घराण्याचा फरारी दावेदार, सफोकचा अर्ल, परत मिळवला. कर्जदाराला नाही म्हणणे अवघड असते.

या व्याख्यानात बाईंनी हेन्रीची तुलना नाना फडणवीसांशी केली, ती मला मान्य नाही. नाना कारभारी होते. त्यांच्या हिशेबावर वरून कोणी तरी धनी होता, निदान नावाला तरी. येथे धनी आणि फडणीस एकच, म्हणून चूक दाखवणारे कोणी उरत नाही. त्यापेक्षा थोरल्या बाजीरावांची आठवण जास्त बोलकी ठरली असती. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने ते किती गांजले होते हे दिसते. रणांगणावर न हरलेला माणूस देण्याने वाकतो, आणि रणांगण टाळणारा माणूस सगळ्यांना देण्यात ठेवतो, अशी ती जोडी वर्गात मांडता आली असती.

आता पाचव्या आणि सहाव्या व्याख्यानांविषयी. विषय होता मुचलक्यांचा. सरदाराने लिहून द्यायचे की मी राजाचे अमुक हजार पौंड देणे लागतो. नीट वागला तर ती रक्कम मागायची नाही, वाकडे पाऊल पडले तर लगेच वसूल. वर्गात फौजदारी न्यायालयात वकिली करणाऱ्या एक ताई होत्या, त्यांनी विचारले, “बाई, हा मुचलका लिहून घ्यायला आधी गुन्हा तरी सिद्ध व्हावा लागत होता का?” बाई म्हणाल्या, “पुष्कळदा नाही.” आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. तेथेच थांबायला हवे होते. त्या काळातल्या ६२ सरदार घराण्यांपैकी तीन चतुर्थांश घराणी कधी ना कधी जप्ती, मुचलका किंवा अशाच दुसऱ्या दंडाखाली राजाच्या मेहेरबानीवर जगली, असा आकडा पुस्तिकेत होता, तो वाचून दाखवला गेला. पण अशा घरात रोज काय होत असेल, जामीन राहिलेल्या मेहुण्याचे काय, मुलीच्या लग्नाचे काय, यावर काही बोलले गेले नाही.

अपवाद एका उदाहरणाचा. लॉर्ड बर्गेव्हनीने बेकायदा ४७१ माणसे पदरी ठेवली म्हणून त्याला ७०,६५० पौंड दंड झाला. बाईंनी हा आकडा कसा आला ते विचारले आणि आम्हाला पाच मिनिटे दिली. माणशी दरमहा ५ पौंड, ३० महिने, ४७१ माणसे: गुणाकार पेनीलाही न चुकता जुळतो. सबंध राज्याच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी ही रक्कम कोणी भरणार नाही हे राजाला माहीत होते. दहा वर्षांत ५,००० पौंड भरावेत, आणि परवानगीशिवाय केंटसह चार परगण्यांत पाऊल ठेवू नये, अशी तडजोड झाली. उरलेला आकडा मानेवर टांगता. गणित बिनचूक आणि न्याय लंगडा, हे एकाच फळ्यावर दिसले. असे आणखी एक उदाहरण घेतले असते तर दोन्ही व्याख्याने चौथ्याच्या तोडीची झाली असती.

सहाव्या शनिवारी तर वेळच पुरला नाही. २१ एप्रिल १५०९ रोजी हेन्री वारला, आणि काही दिवसांतच वसुलीचे त्याचे दोन मुख्य कारभारी, रिचर्ड एम्पसन आणि एडमंड डडली, कैद झाले. १७ ऑगस्ट १५१० रोजी दोघांचा शिरच्छेद झाला. तुरुंगात डडलीने मृत राजाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून ८४ प्रकरणांची यादी लिहून दिली, ज्यांत लोकांकडून अन्यायाने किंवा वाजवीपेक्षा जास्त घेतले गेले होते. ज्याने वसुली केली त्यानेच केलेले हे लेखापरीक्षण. माझ्या दृष्टीने हा या सबंध विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद, आणि त्याला शेवटची सात मिनिटे मिळाली, त्यातही रखवालदार दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बाक लहान मुलांचे आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवले तर खुर्ची मिळते. रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या की आवाज नीट येतो, पण मग वर्ग कोंदट होतो. पुस्तिका चाळीस पानांची असून वंशावळी आणि नकाशे उत्तम आहेत. मात्र तिच्यात एताप्लची ७,४५,००० ही एकूण रक्कम वार्षिक म्हणून छापली गेली होती. ५०,००० च्या हप्त्याने ती फिटायला जवळपास पंधरा वर्षे लागतात, हे मी दाखवल्यावर बाईंनी पुढच्या शनिवारी सर्वांना दुरुस्तीची चिठ्ठी दिली आणि वर्गात चूक मान्य केली, याचा मला आदर वाटतो. जुन्या पौंडांचे आजच्या रुपयांत रूपांतर करणारा तक्ता तेवढा काढून टाकावा. त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी त्या काळी एका कामगाराला दिवसाला काही पेनी मिळत, एवढे सांगितले तरी पुरे.

स्पर्धा परीक्षेसाठी येणाऱ्यांना येथे आयती उत्तरे मिळणार नाहीत. हिशेब, बँक, वकिली, व्यापार यांतून आलेल्यांना आणि मराठीतून युरोपचा इतिहास नीट ऐकायचा आहे अशांना हे १,८०० रुपये नक्की देण्याजोगे आहेत. पुढची तुकडी जूननंतर सुरू होणार असे सांगण्यात आले आहे. आयोजकांना मी पत्र लिहून सातवा शनिवार वाढवण्याची विनंती केली आहे, आणि त्या शनिवारी डडलीच्या यादीतली निदान दहा प्रकरणे एकेक करून वाचावीत असे सुचवले आहे. त्या एका संध्याकाळचे वेगळे शुल्क भरायला मी तयार आहे.